ठाऊक असल्याची सही

१४ जानेवारी २०२१ या एकाच दिवशी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीचे शेवटचे सहा दिवस उरले होते. व्हाइट हाउसमधून ‘एनएसपीएम-३३’ अशा रुक्ष नावाचा एक अध्यक्षीय आदेश निघाला. सरकारी पैशावर होणारं संशोधन परकीय सत्तांच्या हाती पडू नये म्हणून काय करायचं, हे त्यात सांगितलं होतं. त्याच सकाळी मॅसॅच्युसेट्समध्ये एफबीआयची माणसं एमआयटीचे प्राध्यापक गांग चेन यांच्या दारात उभी राहिली. अतिसूक्ष्म पातळीवर उष्णता कशी वाहते या विषयातलं हे मोठं नाव. ऊर्जा खात्याकडे अनुदानाचा अर्ज करताना त्यांनी चीनमधले आपले संबंध दडवले, असा आरोप होता. बरोबर वर्ष आणि सहा दिवसांनी, २० जानेवारी २०२२ ला, सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. चेन यांनी जे लिहिलं नव्हतं ते लिहिण्याचं बंधन त्या वेळी नव्हतंच, असं खुद्द ऊर्जा खात्यातूनच सांगण्यात आलं होतं.

ज्या नियमाच्या भंगासाठी माणसाला अटक झाली, तो नियम अस्तित्वात नव्हता. हे लक्षात ठेवलं की पुढे जे घडलं त्याचा अर्थ नीट लागतो.

पुढे घडलं ते असं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी संसदेनं मंजूर केलेला ‘चिप्स अँड सायन्स’ कायदा अस्तित्वात आला. सेमीकंडक्टरच्या कारखान्यांना दिलेल्या अब्जावधी डॉलरमुळे तो गाजला, पण त्याच्या पोटात एक कलम संशोधकांसाठी होतं. केंद्र सरकारकडून संशोधनासाठी पैसे मागणाऱ्या प्रस्तावावर ज्यांची नावं आहेत, त्या प्रत्येकानं आधीच्या बारा महिन्यांत ‘संशोधन सुरक्षे’चं प्रशिक्षण घेतलं असल्याचं लिहून द्यायचं. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं, म्हणजे एनएसएफनं, जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी चार ऑनलाइन पाठ खुले केले. संशोधन सुरक्षा म्हणजे काय, कोणती माहिती जाहीर करायची, धोका कसा ओळखायचा आणि आवरायचा, आणि चौथा आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल. ऊर्जा खात्यानं मे २०२५ पासून ही अट लागू केली, एनएसएफनं त्याच वर्षी पुढे. मधल्या काळात चारही पाठांचा अर्क काढून तासाभराची एकच आवृत्ती तयार झाली. चार पाठांचा एक तास झाला, आणि बहुतेक प्राध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

या प्रशिक्षणाबद्दलची नेहमीची तक्रार आपल्यालाही पाठ आहे. बँकेत, आयटी कंपनीत, सरकारी कचेरीत, जिथे जिथे वार्षिक ‘अनिवार्य ऑनलाइन प्रशिक्षण’ आहे तिथे माणसं एका खिडकीत पाठ चालू ठेवतात आणि दुसऱ्या खिडकीत आपलं काम करतात. पुढे, पुढे, पुढे. शेवटी प्रश्नावली, सगळी उत्तरं उघडपणे ‘आधी कार्यालयाला विचारा’ अशी. मग सर्टिफिकेटची पीडीएफ. वेळ वाया जातो, कोणी काही शिकत नाही. तक्रार खरी आहे, पण किरकोळ आहे. वर्षातला एक तास हा कुठल्याही विद्यापीठातल्या एका बैठकीपेक्षा कमीच. माझा आक्षेप वेगळा आहे. या प्रशिक्षणाला वाया गेलेला वेळ समजणं हीच चूक आहे. ते काम करतं, चोख करतं, फक्त ते काम वर्गातलं नाही, कोर्टातलं आहे.

सरकारला खोटी माहिती देणं हा अमेरिकेत गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण सरकारी वकिलाला एक गोष्ट सिद्ध करावी लागते: खोटं जाणूनबुजून सांगितलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंडाळलेल्या चिनी हेरगिरीविरुद्धच्या ‘चायना इनिशिएटिव्ह’ या सरकारी मोहिमेतले प्राध्यापकांवरचे कितीतरी खटले याच जागी येऊन अडखळले. टेनेसी विद्यापीठातले आनमिंग हू हे त्यातलं सर्वांत बोलकं प्रकरण. नासाच्या पैशाने चीनशी द्विपक्षीय सहकार्य करायला अमेरिकी संसदेनं २०११ पासून बंदी घातली आहे. हू यांची बीजिंगमधल्या एका विद्यापीठात अर्धवेळ नेमणूक होती. त्यांनी नासाला फसवलं, असं सरकारचं म्हणणं. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. एफबीआयच्या अधिकाऱ्याला साक्षीत मान्य करावं लागलं, की हू यांच्याबद्दल आपण पसरवलेली माहिती चुकीची होती. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीशांनीच हू यांना निर्दोष सोडलं: फसवण्याचा हेतू कुठे दिसत नाही, आणि नासाला ज्या कामासाठी पैसे दिले ते काम मिळालेलं आहे. त्या नियमाचा अर्थ विद्यापीठाच्या कार्यालयालाच नीट लागलेला नव्हता, मग आपल्या संशोधनात रमलेल्या माणसाला तो लागलाच असेल, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

आता हाच खटला २०२६ मध्ये उभा राहिला असं समजा. आरोपी म्हणतो, मला ठाऊक नव्हतं. सरकारी वकील फाइलमधून एक कागद काढतो: अमुक तारखेला आपण प्रशिक्षण पूर्ण केलंत, त्याचा दुसरा भाग ‘काय जाहीर करायचं’ हाच होता, आणि प्रस्तावासोबत आपण स्वतः तसं प्रमाणित केलंत. ही सही आपलीच ना? खटला अर्धा इथेच संपतो. प्रशिक्षणात झोप लागली होती हा काही बचाव नव्हे.

हे मी कुणाच्या कटाचा भाग म्हणून सांगत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात असा डाव होता, याला काही आधार नाही. विद्यापीठांच्या संघटनांनी स्वतःच वर्षानुवर्षं मागणी केली होती, की प्रत्येक खात्याचे वेगळे फॉर्म आणि वेगळे नियम बंद करा, एकसारखे करा, आणि लोकांना समजावून सांगा. एनएसपीएम-३३ आणि त्यापाठोपाठ बायडेन यांच्या काळात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ते बऱ्याच अंशी केलं. परिचयपत्राचा आणि ‘चालू व प्रलंबित अर्थसाहाय्य’ या जाहीरनाम्याचा नमुना आता बहुतेक ठिकाणी सारखा आहे. कायद्यात वंश किंवा मूळ देश पाहून कुणाला लक्ष्य करू नये असंही कलम आहे. नियम सांगणं हे नियम न सांगता पकडण्यापेक्षा केव्हाही बरं. पण नियम सांगितला याची पावती फक्त एकाच बाजूने घेतली जाते.

खरा खोटारडा या प्रशिक्षणाने थांबत नाही, ही गोष्ट तर हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांनी आधीच दाखवून दिली. रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख, जन्माने अमेरिकी, गोरे. वुहानच्या एका विद्यापीठाशी त्यांचा करार होता, महिना ५०,००० डॉलरपर्यंत पगाराचा. सरकारी तपासनिसांनी विचारलं तेव्हा त्यांनी चीनच्या ‘थाउजंड टॅलेंट्स’ या भरती योजनेतला आपला सहभाग नाकारला. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले. शिक्षा झाली सहा महिने घरात स्थानबद्धता आणि ५०,००० डॉलर दंड. लीबर यांना नियम माहीत नव्हता असं त्यांचा वकीलही मनापासून म्हणू शकला नसता. ज्याला माहीत आहे आणि तरी लपवायचं आहे, तो एक तासाचा पाठ ऐकून सुधारत नाही. जास्तीत जास्त, काय लपवावं लागेल याची यादी त्याला आयती मिळते.

म्हणजे प्रशिक्षणाचा उपयोग कुणाला? गोंधळलेल्या प्रामाणिक माणसाला. त्याचा गोंधळ कसा असतो, हे पाहायला चीनपर्यंत जायची गरज नाही, पुण्यापर्यंत येऊ.

भारत सरकारने २०१७ मध्ये ‘वज्र’ ही योजना सुरू केली. परदेशातल्या, विशेषतः भारतीय वंशाच्या, शास्त्रज्ञांनी वर्षातून एक ते तीन महिने इथल्या संस्थेत येऊन काम करायचं. पहिल्या महिन्याला १५,००० डॉलर, पुढच्या प्रत्येक महिन्याला १०,०००. समजा, अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवणारी, मूळची साताऱ्याची एक प्राध्यापिका या योजनेतून उन्हाळ्यात पुण्याच्या आयसरमध्ये येते. अमेरिकी कायद्याने ‘घातक’ ठरवलेल्या परकीय भरती योजनांशी ज्यांचं नाव जोडलं आहे ते देश चार: चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया. भारत त्यात नाही. तेव्हा वज्र घेणं हा गुन्हा नव्हे. पण ते न सांगणं हा होऊ शकतो. परदेशी सरकारच्या पैशाची योजना, परदेशी संस्थेतलं पद, तिथे दिलेला वेळ, हे सगळं जाहीर करायचं. उन्हाळ्याचे तीन महिने तिला तिचं अमेरिकी विद्यापीठ पगार देत नाही, तर तो वेळ कुणाचा? पुण्यातल्या विद्यार्थ्याने तिच्या उपकरणाच्या रचनेवरून स्वतःचं उपकरण बांधलं, तर ते ‘साहाय्य’ मिळालं की दिलं गेलं?

आणि मानद पदाचं काय? परिचयपत्रात नेमणूक पगारी असो वा बिनपगारी, पूर्णवेळ असो वा मानद, लिहावीच लागते. आपल्याकडे तर परदेशातून आलेला पाहुणा शाल-श्रीफळासोबत एखादं ‘मानद प्राध्यापक’ पद घेतल्याशिवाय सुटत नाही. कार्यक्रम संपतो, फोटो निघतात, पद दिलं गेलं हे देणाऱ्यालाही महिन्याने आठवत नाही, पण संस्थेच्या वेबसाइटवर नाव राहतं. सात वर्षांनी ते नाव कुणी तरी शोधून काढलं, तर ‘विसरलो’ आणि ‘दडवलं’ यांतला फरक कोण ठरवणार?

अशा प्रश्नांना पाठातलं उत्तर एकच असतं: शंका असेल तर जाहीर करा. ऐकायला शहाणपणाचं. पण प्रत्येक शंका जाहीर करायची म्हटली की जाहीरनामे फुगतात, आणि फुगलेल्या जाहीरनाम्यांत खरोखर चिंतेची ओळ बुडून जाते. तपासणाऱ्याला सुई शोधायची असते आणि आपण त्याला गवताची आणखी एक गंजी आणून देतो.

इथे मूळ प्रश्नाकडे येतो: जपायचं आहे तरी काय? या प्रश्नाचा विचार अमेरिकेने एकदा फार चांगला केला होता, तोही शीतयुद्धाच्या ऐन भरात. ऑगस्ट १९८२ मध्ये सॅन दिएगोच्या एका प्रकाशशास्त्र परिषदेत संरक्षण खात्याच्या दबावामुळे शंभराहून अधिक निबंध ऐनवेळी मागे घेतले गेले, गोपनीय नसलेले निबंध. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष डेल कॉर्सन यांच्या समितीचा अहवाल आला. त्याचं सार असं: थोड्याच जागांभोवती उंच कुंपण घाला, बाकी सगळं मोकळं ठेवा, कारण देशाची खरी सुरक्षा कुंपणात नसून इतरांपेक्षा वेगाने पुढे जाण्यात आहे. २१ सप्टेंबर १९८५ ला रेगन यांनी ‘एनएसडीडी-१८९’ या आदेशाने हे धोरण म्हणून स्वीकारलं. मूलभूत संशोधन शक्य तितकं खुलं राहील, आणि जिथे बंधन घालायचंच असेल तिथे ते ‘गोपनीय’ असा शिक्का मारूनच. हा आदेश आजवर रद्द झालेला नाही.

याची खुबी ही, की ठरवण्याचं ओझं सरकारवर होतं. अमुक काम धोक्याचं आहे असं वाटत असेल तर सरकारने तसं म्हणावं, शिक्का मारावा, जबाबदारी घ्यावी. शिक्का नसेल तर प्राध्यापकाने निश्चिंत राहावं. संशोधन सुरक्षेच्या नव्या व्यवस्थेने हे ओझं अलगद उचलून व्यक्तीच्या डोक्यावर ठेवलं. धोका कशात आहे हे सरकार फारसं सांगत नाही. धोका ओळखायला तुम्ही शिका, ओळखता येतो असं लिहून द्या, आणि चुकलात तर तुम्ही जाणता होतात. उंच कुंपणाच्या जागी सगळ्या गावाभोवती गुडघाभर उंचीचं कुंपण आलं, आणि ते ओलांडलं की नाही हे ज्याचं त्याने पाहायचं.

हे मी पूर्ण न्यायाने बोलत नाही, कारण एनएसएफनेच दुसरी वाटही धरली आहे. २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘ट्रस्ट’ या पद्धतीत धोक्याच्या क्षेत्रांतले प्रस्ताव निवडून त्यांची वेगळी छाननी करायची, सुरुवात क्वांटम तंत्रज्ञानापासून. ही कॉर्सन यांच्या घराण्यातली कल्पना. गांडुळांच्या संशोधकाला सुरक्षेचा पाठ देण्यापेक्षा क्वांटम संगणकाच्या वीस प्रस्तावांकडे दोन जाणत्या माणसांनी नीट बघणं कधीही बरं. प्रशिक्षणाची अट मात्र क्षेत्र पाहत नाही. माणूसही पुरता पाहत नाही: एनएसएफ ती प्रस्तावावरच्या वरिष्ठ नावांना लावतं, पण प्रयोगशाळेत रात्री यंत्रापाशी बसणारा, डेटा कुणाला पाठवायचा हे प्रत्यक्षात ठरवणारा पीएचडीचा विद्यार्थी बहुधा त्या यादीत नसतो.

एनएसएफने स्वतः ‘जेसन’ या नामांकित सल्लागार गटाला या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं होतं. डिसेंबर २०१९ च्या त्यांच्या अहवालात समस्या खरी आहे असं म्हटलं आहे, आणि त्याच दमात, ती किती मोठी आहे हे नीट मांडलं गेलेलं नाही असंही. त्यांचा सल्ला होता, की माहिती न देणं हा संशोधनातल्या सचोटीचा भंग मानावा. वाङ्मयचौर्य किंवा खोटे आकडे यांची चौकशी होते तशी याचीही व्हावी. म्हणजे आधी विद्यापीठात, जाणकारांसमोर, आणि मग गरज पडली तर पुढे. हा सल्ला मानला असता तर प्रशिक्षणाचा अर्थच बदलला असता. सचोटीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आपल्या सहकाऱ्यांना उत्तर देतो. सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला माणूस पोलिसाला उत्तर देतो.

आणि पोलिसाच्या नजरेखाली माणसं काय करतात, हे आता आकड्यांत दिसतं. चिनी वंशाच्या १,३०४ अमेरिकी प्राध्यापकांची एक पाहणी २०२३ मध्ये अमेरिकी विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ७२ टक्क्यांना संशोधक म्हणून सुरक्षित वाटत नव्हतं, ६१ टक्क्यांच्या मनात देश सोडायचा विचार येऊन गेला होता. सरकारी अनुदानाच्या वाटेला जायलाच नको, असं अनेकांना वाटू लागलं होतं. अनुदानच घेतलं नाही तर जाहीर काय करायचं? नियम पाळण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग, आणि देशाला सर्वांत महागात पडणारा.

किती महागात, याचा धडा अमेरिकेच्या इतिहासात आहे. कॅलटेकमधले रॉकेटशास्त्रज्ञ च्यान शुएसेन यांच्यावर १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याचा संशय आला, सुरक्षा परवाना गेला, पाच वर्षं ते नजरकैदेत असल्यासारखे राहिले आणि १९५५ मध्ये त्यांना चीनला जाऊ दिलं. त्यांनी तिथे क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम उभा केला. एखादा हेर जन्मभरात जेवढं नेऊ शकला नसता, तेवढं अमेरिकेने स्वतःच्या हाताने बोटीत बसवून दिलं. लीबर यांचं उदाहरण त्याच्या जोडीला ठेवण्याचा मोह होतो: २०२५ मध्ये ते शेनझेनला प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पण दोघं एका तराजूत घालण्यासारखे नाहीत. लीबर खोटं बोलले होते. च्यान यांच्यावर काहीही सिद्ध झालं नव्हतं.

वेगाने पुढे जाण्यात सुरक्षा आहे, हे कॉर्सन समितीचं म्हणणं खरं मानलं, तर २०२५ चं चित्र विचित्र दिसतं. ज्या वर्षी प्रशिक्षणाची अट लागू झाली, त्याच वर्षी ट्रम्प सरकारने एनएसएफचा निधी पुढच्या वर्षासाठी निम्म्याहून कमी करण्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला आणि मंजूर झालेली हजाराहून अधिक अनुदानं मध्येच रद्द केली. पैसे मागणाऱ्याने सुरक्षेचं सर्टिफिकेट आणायचं, पैसे देणाऱ्याने उद्याची खात्री द्यायची नाही.

‘मग काय, प्रशिक्षण बंद करायचं का?’ नाही. मी ते ठेवीन. फक्त पावती दोन्ही बाजूंनी घेईन.

आपल्याकडे प्राप्तिकराच्या कायद्यात ‘अ‍ॅडव्हान्स रूलिंग’ ही सोय आहे. एखादा व्यवहार करण्याआधीच विचारता येतं: यावर कर लागेल का? २०२१ मध्ये नियम बदलेपर्यंत ते उत्तर खात्यावरही बंधनकारक असायचं. संशोधनाला ती जुनी, बंधनकारक रीत लावा. वज्र घेणाऱ्या त्या प्राध्यापिकेला एनएसएफला किंवा ऊर्जा खात्याला लेखी विचारता यावं: ही नेमणूक, हे महिने, हे पैसे, यातलं काय लिहू आणि कुठे लिहू? ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर यावं. त्या उत्तराप्रमाणे वागलेल्या माणसावर त्याच गोष्टीसाठी खटला होऊ नये. आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर विचारणं हेच जाहीर करणं धरावं. आज ती विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारू शकते, पण तिथे मिळालेलं उत्तर विद्यापीठाचं असतं, खात्याचं नव्हे. आणि विद्यापीठ हा आधार किती पातळ, हे हू यांना विचारा.

यावर एक रास्त हरकत येईल: एवढ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला माणसं कुठून आणणार? पण विचारणा झेलण्याची काही यंत्रणा अमेरिकेने आधीच उभी केली आहे. विद्यापीठांना या विषयात मदत करण्यासाठी एनएसएफने २०२४ मध्ये ‘सिक्युअर’ केंद्रं स्थापली, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम यांच्या नेतृत्वाखाली, पाच वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख डॉलर देऊन. त्यांच्याकडे बंधनकारक उत्तर देण्याचा अधिकार नाही, एवढाच काय तो फरक आणि तोच महत्त्वाचा. शिवाय उत्तरं साठत गेली, नावं काढून प्रसिद्ध झाली, की तीच खरी पाठ्यपुस्तकं होतील. कल्पित प्रसंगांच्या पाठापेक्षा ‘अमुक परिस्थितीत खात्याने असं सांगितलं’ ही शंभर उत्तरं वाचलेला प्राध्यापक जास्त शिकेल.

अशा उत्तरांची गरज आपल्या जवळच पडणार आहे: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेचा करार मार्च २०१६ मध्ये भारत सरकार आणि याच एनएसएफमध्ये झाला. गुरुत्वलहरी पकडायच्या तर पृथ्वीवर दूरदूर कान लावावे लागतात, म्हणून उपकरणाचे मोठे भाग अमेरिकेने द्यायचे आणि वेधशाळा भारताने उभारायची असं ठरलं. त्या प्रकल्पात दोन्हीकडची माणसं पुढची कित्येक वर्षं एकमेकांच्या प्रयोगशाळांत ये-जा करतील, आकडे पाठवतील, एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर सह्या करतील. त्यातल्या अमेरिकी बाजूच्या ज्या कुणाला एनएसएफकडे नवा प्रस्ताव पाठवायचा असेल, तो दरवर्षी तासभर पाठ ऐकून आपल्याला सगळं ठाऊक असल्याची सही करेल. हिंगोलीतल्या एखाद्या दिवसाबद्दल त्याला शंका आली, तर ती लेखी विचारायला खात्याची एक खिडकी असावी, आणि तिथून मिळालेल्या उत्तराखाली खात्यातल्या कुणाची तरी सही असावी.